मनोरमेची भांडी

सांगली,
८ जानेवारी १९५७

चि. शकुनला अनेक आशीर्वाद.

साखरपुड्याहून आम्ही सुखरूप पोचलो. तुझ्या आईने बांधून दिलेले संदेश वृंदावन्संनी नागपूरपर्यंत संपवले आणि तिथून पुढे सांगलीपर्यंत बंगाली मिठाई पचायला जड असते हे आम्हांला समजावून सांगितलं. हे नेहमीप्रमाणे खिडकीबाहेर बघत गप्प. तू सून म्हणून येणार, तर हे आत्ताच सांगून ठेवते: तुझे सासरे दिवसाला फार तर वीस शब्द बोलतात, आणि त्यांतले दहा 'चहा' असतात.

आता कामाचं. आमच्याकडे सुनेचं नाव ठेवायचा मान मोठ्या नणंदेचा, म्हणजे मनोहरच्या वृंदाआत्याचा. लग्नात ताटभर तांदळावर नवरा अंगठीने ते नाव लिहितो, तेही तेच सांगणार. त्यांनी ठरवलं आहे: मनोरमा. मनोहर-मनोरमा, कसं जोडीचं वाटतं ना? वन्सं तर इतक्या खूश आहेत की भेटेल त्याला सांगत सुटल्या आहेत. तुला आवडलं का ते कळव.

आणखी एक. तू ऑफिसात नक्की काय करतेस? मनोहरला विचारलं तर म्हणाला, ती यंत्राच्या कामांना नावं ठेवते. मी म्हटलं, मग वन्संशी चांगलं जमेल. शेजारी विचारतात तेव्हा मला काही सांगता येत नाही. मला कळेल अशा बेताने लिही.

तुझी,
कालिंदीकाकू


डमडम, कलकत्ता,
२० जानेवारी १९५७

ती. सौ. काकूंना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र बाबांनी आधी वाचलं, मग आईने, मग दोघांनी मिळून. माझ्या हाती आलं तेव्हा त्याला हळदीचं बोट लागलेलं होतं.

ऑफिसचं सांगते. बराकपूरच्या रस्त्यावर आमचं आकडेमोडीचं ऑफिस आहे. देशात भात किती पिकला, ताग किती, असले हिशेब तिथे होतात. त्यासाठी विलायतेहून एक यंत्र आलं आहे, खोलीभर मोठं. ते गार ठेवावं लागतं, म्हणून उन्हाळ्यात ऑफिसातल्या सगळ्यांना यंत्राची भारी काळजी वाटते आणि जो तो त्याची विचारपूस करायला त्या खोलीत जाऊन बसतो. यंत्राला काम सांगायचं ते कार्डांवर भोकं पाडून. एका कामाची कार्डं म्हणजे एक जुडी. बेरजेची एक, सरासरीची एक. अशा जुड्यांनी लाकडी कपाट भरलं आहे, आणि हव्या त्या जुड्या एकामागून एक घालून मोठा हिशेब होतो.

घोळ आहे तो या जुड्यांच्या नावांत. काहींवर करणाऱ्याचं नाव: 'बोस-दोन'. एकीचं नाव 'रविवार', कारण ती रविवारी केली. आणि उरलेल्या आमच्या चक्रवर्तीसाहेबांच्या. साहेब तीन वर्षं विलायतेला होते, तिथून एक सवय घेऊन आले. कुठल्याही वस्तूचं नुसतं नाव घेतात आणि तेच काम म्हणून सांगतात. "हे टेबल करा." म्हणजे तक्ता बनवायचा, का आहे त्या तक्त्यातून आकडा शोधायचा, का नुसतं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवायचं? विचारायची सोय नाही. जुडीवरही तेवढंच लिहिलेलं: 'टेबल'.

यंत्रात एक पिंप आहे, त्याला ड्रम म्हणतात, ते गरगर फिरत असतं आणि आकडे त्याच्या लक्षात राहतात. 'ड्रम' नावाची जुडी होती. गेल्या महिन्यात माझी मैत्रीण लीना हिने ती घातली, की पिंपातले आकडे वाचून बाहेर येतील. ती जुडी पिंप पुसायची निघाली. लीनाचा आठवडाभराचा भात, मिदनापूर जिल्ह्यासकट, साफ. बिचारी जिन्यात बसून रडली. मग मी साहेबांपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, नावात काम दिसलं पाहिजे. 'ड्रम' नाही, 'ड्रमवरून वाच', 'ड्रमवर लिही', 'ड्रम पूस'. साहेब म्हणाले, "मग तुम्हीच ठेवा." तेव्हापासून मी नावं ठेवते. इंग्रजीत लिहिते, पण विचार मराठीत करते, कारण आपल्याकडे क्रियापद आल्याशिवाय वाक्य सुटतच नाही.

मनोरमा नाव छान आहे. वृंदाआत्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमची,
शकुन


सांगली,
३ फेब्रुवारी १९५७

चि. शकुनला आशीर्वाद.

तुझं पत्र मी शेजारच्या नलिनीबाईंना वाचून दाखवलं. त्यांना पिंप समजलं, यंत्र नाही समजलं. मला मात्र सगळं समजलं, कारण तुझे साहेब माझ्या घरात राहतात. हे 'चहा' म्हणतात. नुसतं 'चहा'. करायचा, आणायचा, गार झालाय म्हणून परत न्यायचा, का कप उचलायचा, ते मी आवाजावरून ओळखायचं. वन्सं 'स्टोव्ह' म्हणतात. मध्यंतरी माझी भाची हेमा आली होती, तिने बिचारीने पेटवला. वन्संना तो पुसायला हवा होता. हेमाने दिवसभर कुणाशी बोलणं टाकलं. तुझी पद्धत इथे चालू करावी असं फार मनात येतं, पण या वयात ह्यांना क्रियापद शिकवायचं म्हणजे अवघड.

तुझ्या पत्रात यंत्राला दोन पानं आणि मनोरमेला एक ओळ. 'छान आहे.' पोरी, मुलगी बघायला गेलं आणि पसंत पडली नाही की पोहे छान होते म्हणतात, ते मला माहीत आहे. नाव जुनाट वाटलं असेल तर मोकळेपणाने सांग. मी वन्संना विचारून आणखी काढून ठेवली आहेत: नलिनी, हेमा, श्यामला. श्यामला तुला शोभेल असं माझं मत, पण वन्सं म्हणतात मुलगी गोरी आहे, शोभायचं नाही. यांतलं एखादं निवड आणि लवकर कळव. भांड्यांवर नाव घालणारा शिवरात्रीनंतर येणार आहे, आणि वन्संना तांब्यांपासून परातीपर्यंत सगळ्यावर एकदम घालून घ्यायचं आहे.

तुझी,
कालिंदीकाकू


डमडम,
१८ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. काकूंना शिरसाष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण मी ऑफिस बंद पाडलं. थट्टा नाही, खरंच.

नावं ठेवायचा हुरूप इतका चढला की मी एका शनिवारी थांबून कपाटातल्या सगळ्या जुड्यांची नावं एकदम बदलली. नवीन चिठ्ठ्या, छान अक्षर. घरी येऊन दोन वेळा जेवले. सोमवारी गेले तर यंत्र थंड आणि माणसं गरम. यंत्र चालवणारे निताईदा हातात कागद घेऊन कपाटासमोर उभे. कागदावर लिहिलेलं: आधी 'बोस-दोन' घाला, मग 'रविवार'. आणि कपाटात ना बोस ना रविवार. कुठली जुडी कुठल्या हिशेबात लागते ते कागद सगळ्या ऑफिसात, शिवाय बराकपूरच्या शाखेत, आणि काही नुसते लोकांच्या डोक्यात. मी कपाटातली नावं बदलली. हाका मारणारे सगळे जुन्याच नावाने मारत होते. निताईदा मला म्हणाले, "दीदी, तुम्ही घराचं दार हलवलंत, पण पाहुण्यांना सांगितलं नाही." आठ दिवस मी जुनी नावं नव्यांच्या शेजारी लिहीत बसले होते.

एक जुडी मात्र होती तशीच ठेवली. तिचं नाव 'अन्नपूर्णा'. कुणी ठेवलं ते कुणाला माहीत नाही. नावावरून काम मुळीच कळत नाही. पण ती कशासाठी आहे हे ऑफिसातल्या पट्टेवाल्यालाही ठाऊक आहे: भाताचा शेवटचा हिशेब अन्नपूर्णेशिवाय होत नाही. माझी सुंदर नवीन चिठ्ठी मी स्वतः काढून टाकली. तेव्हा मला कळलं की यंत्राला नावाशी काही देणंघेणं नाही, ते भोकं वाचतं. नाव लागतं ते माणसांना, हाक मारायला. ज्या नावाने कुणी फसत नाही आणि ज्या हाकेला बरोबर तीच येते, ते बदलायचं कशाला?

काकू, मला नलिनी नको, हेमा नको, श्यामलाही नको. मला माझं नाव बदलायचंच नाही. मी शकुन आहे.

हे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं, पण धीर झाला नाही. तुम्हांला माहीत नसेल, बंगालीत शकुन म्हणजे गिधाड. मी दहा वर्षांची असताना बाबांची बदली इथे झाली. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, मी सांगितलं, आणि सगळा वर्ग हात पसरून उडायला लागला. बाबा म्हणाले शाळेत दुसरं नाव लावू. मी लावू दिलं नाही. सहा महिने भांडले, दोन मुलींच्या वेण्या ओढल्या, त्यांतली एक लीना. आज ऑफिसात कुणी नवीन माणूस हसला तर लीनाच त्याच्या अंगावर जाते. इतकं करून कमावलेलं नाव आहे, ते तांदळात कसं सोडू?

मनोहरना विचारलं. ते गार्डन रीचच्या गोदीतल्या कामाला सुटी म्हणून रविवारी येतात तेव्हा आम्ही आईच्या देखरेखीखाली बोलतो. म्हणाले, आत्या सांगेल ते लिहीन आणि हाक शकुन म्हणून मारीन, त्यात काय एवढं. मी त्या रविवारी त्यांना चहा दिला नाही.

तुम्ही रागवाल. पण खोटं 'छान' पुन्हा लिहिणं माझ्याने होणार नाही.

तुमची,
शकुन


सांगली,
१४ मार्च १९५७

चि. शकुनला आशीर्वाद.

बरेच दिवस माझं पत्र नाही म्हणून तू मनोहरला विचारलंस, त्याने मला विचारलं. रागावले नाही. आधी रागावले होते, खोटं कशाला सांगू. आमच्या वेळी कुणी असं लिहिलं असतं तर लग्न मोडलं असतं. मग विचार केला, आमच्या वेळी कुणाला विचारलंच कुठे होतं.

मलाही माहेरचं नाव होतं. कसलं ते विचारू नकोस, हसशील. वन्संना ते गावंढळ वाटलं आणि त्यांनी कालिंदी काढलं. नाव वाईट नाही. तीसेक वर्षं वापरलं, अंगावर बसलं. पण लग्नानंतर माझी आई पहिल्यांदा इथे आली, तेव्हा तिने अंगणातून मला नेहमीच्या नावाने हाक मारली. हे कोर्टात कामाला गेले होते, घरातले बाकी सगळे एकमेकांकडे बघायला लागले, ही कुणाला बोलावते आहे. मग कळल्यावर हसले. वाईट हेतूने नाही गं, गंमत वाटली म्हणून. आई ओशाळली. त्या दिवसापासून तीही मला कालिंदी म्हणायला लागली. ती गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. ते नाव आता कुणाच्याच तोंडात नाही.

तुझं पत्र वाचून मी देवघरात जाऊन बसले. वन्संना वाटलं माझं डोकं दुखतंय. त्यांनी सुंठ उगाळून आणून दिली, लावून घ्यावी लागली.

आता वाईट बातमी. नाव घालणारा आला आणि गेला. मी बाजारात गेले होते तेवढ्यात वन्संनी सगळ्या भांड्यांवर 'सौ. मनोरमा' घालून घेतलं. परात, तांबे, घंगाळ, अगदी पुरणयंत्रसुद्धा. वन्संना दुखवणं मला जमत नाही. बाळंतपणात माझा जीव त्यांनी वाचवला आहे. तेव्हा वचन देत नाही. ह्यांना सांगून बघितलं. ऐकलं, आणि म्हणाले, 'चहा'.

तुझी,
कालिंदीकाकू


डमडम,
२९ मार्च १९५७

ती. सौ. काकूंना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी आईबाबांच्या हाती लागू दिलं नाही. गच्चीवर जाऊन वाचलं आणि रडले. तुमच्या आईंसाठी.

भांड्यांची काळजी करू नका. मनोरमाबाईंच्या घंगाळात मी आनंदाने आंघोळ करीन. पाणी काही नाव वाचत नाही.

वृंदाआत्यांना माझ्यासाठी दुखवू नका. लग्नाच्या दिवशी मी हट्ट करणार नाही, तांदळात निघेल त्या नावाला नमस्कार करीन. पण ते माझं नाव होणार नाही, आणि ती हाक मला लवकर ऐकू येणार नाही, हेही तुम्हांला आत्ताच सांगते. नंतर माझ्यावर उद्धटपणाचा ठपका नको.

मनोहर मागच्या रविवारी आले आणि चहा न मागता बसले. मग म्हणाले, "माझं नाव कुणी बदलायला निघालं असतं तर मी काय केलं असतं?" मी म्हटलं, काय केलं असतं? म्हणाले, "गार्डन रीचच्या गोदीत उडी मारली असती." म्हणून त्यांना चहा दिला. दोन कप.

तुमचं माहेरचं नाव सांगा ना. मी हसणार नाही. बंगालीत मी गिधाड आहे, मी कुणाला हसणार?

तुमची,
शकुन


सांगली,
२ जून १९५७

चि. सौ. शकुनला अनेक आशीर्वाद.

लग्न होऊन आम्ही परत आलो, घर आवरलं, उरलेले लाडू वाटले, आणि आज निवांत बसले आहे. तिकडे तुला दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. तू नवरी होतीस, तुझ्यापर्यंत पोचायलाच मिळालं नाही.

पहिली गोष्ट वन्संची. कलकत्त्याला येताना नागपूर मागे पडलं तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. तुझी पत्रंही वाचून दाखवली. वाटलं होतं आता गाडीतून उतरून परत जातील. त्या ऐकत राहिल्या, मध्ये लीनाच्या भाताला हळहळल्या, निताईदांचं दार त्यांना फारच पटलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मग माझ्या मानाचं काय?" मी म्हटलं, पहिल्या नातवंडाचं नाव तुम्ही ठेवा. "मुलीचंही?" मुलीचंही. टाटानगर येईपर्यंत त्यांनी तीन ठरवली होती. तेव्हा त्या बाबतीत आता तूच बघ, मी पडले अडकून. भांड्यांचं त्यांना काही वाटत नाही. म्हणतात, भांडी मोडीत घेणाऱ्याला कळणार आहे का मनोरमा कोण ते?

म्हणून त्या दिवशी ताटासमोर वन्सं ताठ बसून होत्या आणि मनोहरने 'शकुन' लिहिल्यावर पहिला पेढा त्यांनीच तोंडात टाकला. त्याचा तुला अचंबा वाटला असेल. तुझ्या बंगाली मैत्रिणीने तर शिट्टी मारली, ते मी पाहिलं.

दुसरी गोष्ट तू पाहिली नाहीस. सगळे जेवायला गेले, तुला आईने शालू बदलायला आत नेलं. मी ताट उचलायला मागे राहिले. हे कुठूनसे आले. मनोहर अंगठी तांदळातच विसरला होता. मला वाटलं ती उचलायला वाकले. उचलली, आणि तुझ्या नावाच्या खाली, सावकाश, कोर्टातल्या त्यांच्या त्या वळणदार अक्षरात, एक नाव लिहिलं. माझं. माहेरचं.

मी ह्यांना ते कधी सांगितलं नव्हतं. तीस वर्षांत एकदाही नाही. कसं कळलं म्हणून विचारलं. शकुन, तेव्हा हा माणूस जितकं बोलला तितकं एका दमात मी त्याला कधी बोलताना ऐकलं नाही. म्हणाले, "तुझी पत्रिका आली त्यावर तेच नाव होतं. ठरल्यापासून लग्नापर्यंत मी ते मनात म्हणत होतो. मग ताटासमोर बसलो, हातात अंगठी दिली आणि लिहायला दुसरंच सांगितलं. मी लिहिलं. विचारायचं धाडस झालं नाही."

मी डोळ्यांना पदर लावून उभी राहिले. तेवढ्यात वन्सं पानं वाढायची घाई करत आल्या आणि ताटात वाकून मोठ्याने वाचलं, "ठकू? ही कोण आणखी?"

मी म्हटलं, "मी."

वन्संनी ताटातलं नाव पुन्हा वाचलं. मग त्यांना आठवलं. "अगं बाई, खरंच की," म्हणाल्या, आणि तिथेच पाटावर बसून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की मलाही हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांचेच डोळे भरून आले. माझा हात धरून बसल्या. पंगत खोळंबली, भात गार झाला. तुझ्या बाबांना वाटलं काहीतरी बिनसलं.

तर हसायचं तर आता हास, मी काही म्हणणार नाही. घरी आल्यापासून वन्सं दिवसातून एकदा तरी, मी मागच्या दारी असले की, मुद्दाम गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारतात, "ठकू गं!" आणि नलिनीबाई खिडकीतून डोकावतात, ही कोण नवीन आली म्हणून. मी हातातलं काम टाकते आणि ओ देते.

तुझी सासू,
ठकू